डेक्सामेथासोनविषयी खुलासा

‘ताप येताच डेक्सामेथासोन घ्या, कोरोना बळावत नाही’ हा मजकूर इंदूरच्या मराठी मंडळींत पुन्हा फिरतो आहे. त्याचे मूळ माझ्याच जुन्या संदेशात असल्याने खुलासाही मीच करणे उचित. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या कोरोनावरील औषधांच्या चाचणीच्या जून २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या रोज ६ मिलिग्रॅम मात्रेने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक-पंचमांशाने घटले. मात्र दाखल असूनही ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना लाभ दिसला नाही. हे शेवटचे वाक्यच मी गाळले होते. काल राजवाड्याजवळच्या औषधाच्या दुकानात शेजारच्या मधुमेही काकू तोच संदेश दाखवून गोळ्यांची पट्टी मागत होत्या, आणि स्टेरॉइडने तर रक्तातील साखर चढते. जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास तिथेच हा खुलासा द्यावा.