दोन फुटी भिंतीवाला फॉरवर्ड

फॅमिली ग्रुपवर काकांनी परत तोच फॉरवर्ड टाकला. म्हणे जुन्या लोकांच्या दोन फुटी दगडी भिंती भूकंपाला दाद द्यायच्या नाहीत, वाडे अजून उभे आहेत, आताच्या सिमेंटच्या बिल्डिंगी मात्र भूजला पत्त्यांसारख्या पडल्या. मी बांधकामाच्या साइटवरचा माणूस, मला गप्प बसवत नाही.

जाड भिंतीचं आधी बघू. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. किल्लारीला ६.२ चा भूकंप झाला, हजारो माणसं गेली आणि ती घरं दोन फुटी, कुठं कुठं त्याहून जाड दगडी भिंतींचीच होती की! भिंत जाड होती पण एकसंध नव्हती, आतला एक थर, बाहेरचा एक थर, मधे गोटे नि माती कोंबलेली, आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाहीच. हलली की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, मधला माल खाली बसून पाचरीसारखा दोन्हीकडं ढकलतो, भिंत उकलते.

वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती धरली तरी सहा-सात टन होतात, डोक्यावर! एसटीत उभे असताना ड्रायव्हरनं गचकन गाडी काढली तर तोल जातोच, खांद्यावर ज्वारीचं पोतं असेल तर विचारूच नका. भूकंपात घराचं तेच होतं, जेवढं वजन तेवढा जोर.

वाडे उभे आहेत, हो, पडलेले मोजतंय कोण? आणि पुण्यातल्या वाड्यांनी किल्लारीएवढा धक्का खाल्लाय कुठं? किल्लारीकडं काही घरांत भिंती ढासळूनही छत लाकडी खांबांवर राहिलं, म्हणजे श्रेय द्यायचंच तर गवंड्याला नाही, सुताराला द्या.

भूजचं अर्धं खरंय. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात २०० किलोमीटरच्या वर लांब असलेल्या अहमदाबादेत पण बिल्डिंगी पडल्या, पण त्यातल्या बऱ्याच खाली मोकळं पार्किंग असलेल्या, वर विटांच्या भिंतींनी कडक, खाली नुसते कॉलम, मग सगळी हालचाल त्या कॉलमवरच. दुसरं म्हणजे रिंगा, कॉलमच्या उभ्या सळयांभोवती घालतात त्या लोखंडी कड्या. आयएस १३९२०, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक, सांगतं की रिंगेचा हुक १३५ अंशात आत वळवायचा, सळया बांधणारा फिटर ९० वर सोडून देतो कारण घालायला सोपं पडतं, मग हादऱ्यात वरचं काँक्रीट उडालं की रिंग उघडते आणि उभ्या सळया फुगून बाहेर येतात. परवाच आमच्याकडं एका कॉलमच्या सगळ्या रिंगा मी परत वाकवायला लावल्या, फिटर म्हणतो, साहेब आत कोण बघणारे. दोष सिमेंटचा नाहीये ओ.

आणि त्याच फॉरवर्डमधलं ते “चांगल्या घराला तडा पण जात नाही” वगैरे, तर मोठ्या भूकंपात बिल्डिंगीनं वाकावं, तडकावं पण पडू नये असंच डिझाइन करतात, आधी आडवे बीम दमले पाहिजेत, उभे कॉलम नंतर.

काका, आपलं गावचं घर पण तसलंच आहे. भिंतीत उंचीला दर दोन फुटांवर, लांबीला चार फुटांवर आरपार भोक पाडून वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरता येतं, किल्लारीनंतर असं केलंय लोकांनी. पण आधी दसऱ्याला गेलात की माळवदावर चढून बघा, गळतं म्हणून दरवर्षी पांढरी माती टाकत आलोय आपण, एकदाही काढलेली नाही.