पाच टायरांच्या बदल्या

सरकारी नोकरीच्या 32 वर्षांत माझ्या नऊ बदल्या झाल्या. झाबुआ, बडवानी, मंडला, परत झाबुआ. त्यातली एकही मला विचारून झाली नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर बदल्या करण्याचे अधिकार प्रथमच माझ्या हाती आले, तेव्हा ते कसून वापरायचं मी ठरवलं. अधिकार पाच टायरांपुरतेच होते, ही गोष्ट वेगळी.

टायर आमच्या जिप्सीचे. महूच्या एका फौजी साहेबांकडून मी ही गाडी जुनी घेतली. इंदूरला, रामबागेच्या गल्लीत, फोर बाय फोर गाडीचं काम काय, हा प्रश्न बायको आठ वर्षं विचारते आहे. पावसाळ्यात महूपुढच्या घाटातल्या जाम दरवाज्याकडे जायचं, कुठेतरी चिखलात मुद्दाम उतरायचं आणि चारही चाकांना ताकद देऊन बाहेर यायचं, असे वर्षातले चार दिवस मी तिला पुरावा म्हणून दाखवतो. उरलेले दिवस गाडी छप्पन दुकानला पोहे खायला जाते. बायकोकडे परवाना आहे, तिचा हातही चांगला आहे. पण "जिप्सीचं स्टिअरिंग जड असतं गं," असं सांगून मी किल्ली माझ्याच खिशात ठेवत आलो.

प्रकरणाला तोंड फोडलं पंक्चरवाल्याने. पुढचं डावं चाक खोलून त्याने टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "भिया, ये तो गंजा हो रिया हे." मी घरी येऊन मोजलं. नक्षीची खोली पुढे डावीकडे 3 मिलिमीटर, मागच्या दोन्हीकडे 6. मागच्या दारावर लटकलेली स्टेपनी मात्र पूर्ण 8. कायदा 1.6 मिलिमीटरपर्यंत चालवून घेतो, म्हणजे गुन्हा अजून घडला नव्हता. पण खात्यात एक माणूस घाम गाळतोय आणि दुसरा खुर्चीला लटकून पूर्ण पगार घेतोय, हे मी उभा जन्म पाहिलं होतं. स्टेपनीकडे पाहून मला आमच्या मंडल्याच्या ऑफिसातल्या एका बड्या बाबूंची आठवण झाली. (स्टेपनी हे मूळचं वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचं नाव. 1904 मध्ये तिथे जादा चाकं बनवायला सुरुवात झाली आणि रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. आपल्याकडे ते इतकं मुरलंय की लग्नात ऐनवेळी आणलेल्या भटजींनाही आपण स्टेपनी म्हणतो.)

टायर अदलाबदल करायचे ते फक्त सगळे सारखे झिजावेत म्हणून, असा माझा समज होता. पण फोर बाय फोरचं दुखणं आणखी खोल निघालं. जिप्सीत चारही चाकं जोडली की पुढचा अ‍ॅक्सल आणि मागचा अ‍ॅक्सल एकाच गतीने फिरायला बांधले जातात, मध्ये समजूत घालणारं, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं, डिफरन्शियल नसतं. आता नक्षीत 3 मिलिमीटरचा फरक म्हणजे चाकाच्या व्यासात 6 चा आणि परिघात जवळजवळ 19 चा. माझं 205/70 आर 15 मापाचं चाक किलोमीटरला साधारण 475 वेळा फिरतं. गुणाकार केला. मागचं चाक दर किलोमीटरला पुढच्या डाव्यापेक्षा नऊ मीटर जास्त चालू पाहत होतं! चिखलात चाक घसरून हा हिशेब मिटवतं. कोरड्या डांबरावर तो मिटत नाही, मग सगळा ताण ट्रान्सफर केसच्या, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, दातांवर येतो. रात्री साडेदहाला मी हे बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, काय करून राहिले तुम्ही? झोपा."

बदलीचा आदेश मी सकाळी वहीत काढला. मागचे दोघे सरळ पुढे, त्यांची सेवा समाधानकारक. पुढचा डावा मागे उजवीकडे, थोडा आराम म्हणून. पुढचा उजवा स्टेपनीच्या जागी, पूर्ण रजेवर. आणि स्टेपनीबाई मागे डावीकडे, कामावर रुजू. पुतण्या मंदार मोबाइल घेऊन आला आणि म्हणाला, "काका, एक माणूस सांगतो की फुलीत फिरवायचे, सगळेच." शेजारचे तांबेकाका म्हणाले की टायर जन्मभर एकाच बाजूला ठेवतात, नाहीतर आतल्या तारा फिस्कटतात, आमच्या काळी असंच होतं. हे दोन पक्ष ओट्यावर इतके हमरीतुमरीवर आले की बायकोने दोघांना पोहे दिले आणि माझा आदेश वाचवला. टायरच्या बगलेवर बाण असेल तर त्याला बाजू बदलता येत नाही, एवढं तांबेकाकांचं खरं होतं. आमच्या टायरांवर बाण नव्हता.

नवलख्याजवळ एक टायरवाले आहेत. मी प्रत्येक टायरवर खडूने मोठ्ठी अक्षरं काढली: पुडा, पुउ, माडा, माउ, स्टे. वहीची नक्कल उस्तादांच्या हाती दिली. त्यांनी ती वाचली, पाठीमागे ठेवली आणि विचारलं, "नायट्रोजन भरवाओगे?" मी म्हटलं, साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन आधीच आहे, उरलेल्या 22 चे पैसे मी देणार नाही. ते हसले. मला वाटलं, मी जिंकलो.

गाडी जॅकवर चढली, गन घरघरली आणि बघता बघता पाचही चाकं फरशीवर आडवी झाली. बायको बाकावर बसली होती, सराफ्याच्या खाऊगल्लीत जायचंय म्हणून बरोबर आलेली. मी शेजारच्या टपरीवर चहा घेऊन परत येतो, तो काय.

आमचं शहर 2017 ते 2023 स्वच्छ सर्वेक्षणात वर्षामागून वर्ष पहिलं आलं. त्याचा अभिमान मला आहेच. पण तो दुकानातल्या नव्या पोराच्या अंगात इतका भिनला असेल अशी कल्पना नव्हती. त्याने पाचही टायर पाइप लावून, ब्रशने घासून, आरशासारखे धुतले होते. खडूचा मागमूस नाही. "कित्ता गंदा था, भिया," तो म्हणाला, शाबासकीच्या अपेक्षेने.

पाच काळे टायर ओळीने उभे. ओळख पटवायची कशी? स्टेपनी सापडायला वेळ लागला नाही. तिच्या अंगावर कारखान्यातले रबराचे बारीक केस अजून शाबूत होते, नव्या नवरीच्या हातावरच्या मेंदीसारखे. राहिले चार. उस्ताद उकिडवे बसले आणि एकेका टायरवरून असा हात फिरवू लागले की मला वाटलं, आता हे विवाहयोग सांगणार.

"ये आगे का बायाँ," त्यांनी पहिला बाजूला काढला. बाहेरची कड साफ तासलेली होती. "आप राइट मोड़ पे स्पीड कम नहीं करते."

बाकावरून बायको म्हणाली, "हं."

दुसऱ्या टायरवर त्यांनी माझाच तळहात ठेवला. एका दिशेने फिरवला तर मऊ. उलट फिरवला तर करवतीचे दात लागावेत तसं खरखरलं. "अलाइनमेंट कब कराया था?" म्हणजे चाकांचे कोन कधी जुळवून घेतले होते. मी आकाशाकडे पाहिलं. मग त्यांनी अंगठा एका जागी दाबला. तिथे बशीएवढा भाग सपाट घासला गेला होता. "ये दायाँ. कहीं जोर का ब्रेक मारा है आपने, चाक जाम हुआ है."

आता बायको बाकावरून उठली. जाम दरवाज्याच्या घाटात माकड आडवं आलं, तेव्हा चहाचा थर्मास तिच्या मांडीवरून समोरच्या काचेवर गेला होता. मी त्या दिवशी शपथेवर सांगितलं होतं की ब्रेक अगदी हलका लावला, झाकणच सैल होतं. थर्मास नवीन होता. तिने तो टायर पाहिला, मला पाहिलं आणि काही बोलली नाही. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला या गप्प बसण्याचा अर्थ कळतो.

मागचे दोघे मधोमध झिजले होते, दोन्ही कडा ताज्या. "हवा ज्यादा रखते हो. पीछे कोई बैठता नहीं, फिर भी पूरी." खरं आहे. पाहुणे येतील म्हणून भरून ठेवतो. पण दोघेही इतके जुळे होते की डावा कोण, उजवा कोण, हे उस्तादांनाही सांगता येईना. बगलेवरचे चार आकडे वाचले, 1419 आणि 1419, म्हणजे दोघेही 2019 च्या चौदाव्या आठवड्यातले. शेवटी खिशातलं रुपयाचं नाणं उडवलं. छापा आला. शासकीय बदल्याही कधीकधी अशाच होत असाव्यात, ही शंका मला पूर्वीपासून होती.

मी विचारलं, म्हणजे आता जागा बदलल्या की सगळं ठीक? उस्ताद पान थुंकून आले आणि म्हणाले की जागा बदलल्याने दोष जात नाही, तो फक्त पाच जणांत वाटला जातो. अलाइनमेंट करा. हवा कमी ठेवा. आणि, हे बायकोकडे पाहून, मोड़ पे धीरे. नट एकाआड एक, फुलीत आवळले गेले, शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यायचे म्हणून बजावलं गेलं. अलाइनमेंटचे पैसे मी निमूट दिले. नायट्रोजनवर जिंकलेलं सगळं तिथे परत गेलं.

सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना बायको एवढंच म्हणाली, "स्टिअरिंग जड नाहीये म्हणे. मी विचारलं त्यांना, तुम्ही पैसे देत होते तेव्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिशात हात घातला तर किल्ली नव्हती. फाटक उघडं. ओल्या अंगणात चार टायरांचे ठसे गल्लीकडे गेलेले, वळणावरही अगदी धीमे, न घासलेले. मागच्या डाव्या चाकाच्या ठशाच्या कडेला बारीक केसांच्या रेघा उमटल्या होत्या.