सूट बघून पुरवठादार निवडणं थांबवा

कॉलेजच्या ग्रंथालय समितीपुढे पुस्तक पुरवठादारांच्या कोटेशनचा तुलनात्मक तक्ता येतो आणि सगळ्यांची नजर एकाच रकान्यावर जाते: सूट किती टक्के? जास्त सूट देणाऱ्याला ऑर्डर. माझा या पद्धतीला ठाम विरोध आहे.

प्रत्येक पुस्तकावर विक्रेत्याला सारखं कमिशन सुटत नाही. काही प्रकाशक भरघोस देतात. विद्यापीठांची प्रकाशनं, संशोधन संस्थांचे ग्रंथ यांवर अनेकदा अगदीच थोडं असतं. सरसकट ३५ टक्के कबूल करून बसलेल्याला अशा पुस्तकांत पदरचे घालावे लागतात. मग ती येतच नाहीत. मार्च उजाडला की 'आउट ऑफ प्रिंट' (प्रकाशकाकडेच प्रती शिल्लक नाहीत) अशा शेऱ्याची यादी येते आणि निधी परत जाऊ नये म्हणून समोर येईल ते घ्यावं लागतं. समजा, १०० पुस्तकांपैकी ३५ टक्केवाल्याने ६० दिली, २० टक्केवाल्याने ९२. स्वस्त कोण पडला?

म्हणून तक्त्यात आणखी रकाने हवेत: मागवलेल्यांपैकी किती पुस्तकं आली, ४५ दिवसांत किती आली, जुनी आवृत्ती किती वेळा माथी मारली, परत केलेल्या पुस्तकांची क्रेडिट नोट (तेवढी रक्कम आपल्या नावे जमा केल्याची चिठ्ठी) कधी मिळाली. नवा पुरवठादार असेल तर आधी २५ पुस्तकांची मिश्र ऑर्डर द्या, त्यात दोन-तीन मुद्दाम अवघड घाला. 'आउट ऑफ प्रिंट' म्हणाला तर प्रकाशकाचं पत्र किंवा ई-मेल मागा.

पुस्तकं आल्यावर छापील किंमत बघा. तिच्यावर स्टिकर असेल तर प्रकाशकाची किंमतयादी मागवल्याशिवाय बिल पुढे पाठवू नका. परदेशी पुस्तकांना विनिमय दर कोणाचा (बँकेचा की गुड ऑफिसेस कमिटीचा, म्हणजे परदेशी पुस्तकांसाठी विनिमय दर ठरवून देणाऱ्या समितीचा) आणि कोणत्या तारखेचा, हे ऑर्डरमध्येच लिहा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तो बिलात दिसला तर बिल परत. आणि पुस्तकावर दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला) टाकण्याआधी पानं चाळाच. १६ पानांचा एखादा फॉर्मा (एकत्र छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा) गायब असतो किंवा दोनदा बांधलेला असतो. ग्रंथालयाचा शिक्का पडला की ते पुस्तक बदलून मिळवताना नाकीनऊ येतात.

आपली बाजूही बघा. बिलं सहा-सहा महिने लेखा विभागात पडून राहतात, तेव्हा कमी सूट देणारा पण चोख माणूस पुढच्या वर्षी कोटेशनच देत नाही. ऑर्डरवर ३० दिवसांत पैसे देण्याची अट लिहा आणि प्राचार्यांकडून ती पाळून घ्या.