शिळ्या पावाचं सूप आणि एक स्टार: मालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या इटालियन हॉटेलातल्या रविवारच्या जेवणावरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, त्याचं एवढं काही नाही, पण इंदूरात राजेंद्र नगरपासून लोकमान्य नगरपर्यंत आपली मराठी मंडळी एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवतात आणि मग सकाळी सकाळी माझ्या मावशीचा फोन येतो की काय रे, लोकांना शिळा पाव खाऊ घालतोस म्हणे? म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितोय.

तुमचं म्हणणं असं की पिझ्झा काठाला जळलेला होता, पास्ता कच्चा, पाव अळणी, चीज नकली, शिळ्या पावाचं सूप करून विकतो, जागा गोदामासारखी, बिलात सर्व्हिस चार्ज लावला, आणि ज्यांचा वाढदिवस होता त्या आजींनीच काही खाल्लं नाही. वर दोन पिझ्झांचे पैसे परत मागितलेत.

आजींचं आधी घेतो, कारण तेवढंच वाक्य मला लागलं. त्यांनी पिझ्झा खाल्ला नाही हे बरोबर, कड चावत नव्हती त्यांना. मी टेबलाशी आलो होतो तेव्हा मीच विचारलं की मऊ काही देऊ का, आणि टोमॅटोचं सूप पाठवलं. एक वाटी संपली, दुसरी मागितली, दुसरीच्या तळाचं चमच्याने खरवडून घेतलं आणि मला परत बोलावून विचारलं की लसूण ठेचून घातलास का चिरून. म्हटलं चिरून, तर म्हणाल्या तरीच, ठेचला असतास तर उग्र लागला असता. तुम्ही सगळे तेव्हा पलीकडे केकचे फोटो काढत होतात त्यामुळे तुम्हाला दिसलं नसेल. तर दादा, तुमच्या रिव्ह्यूतलं शिळ्या पावाचं सूप म्हणतात ते हेच.

आणि हो, तो पाव शिळाच असतो, मेनूत त्या नावाखाली मराठीत आणि हिंदीत लिहिलंय की कालचा पाव. इटलीत तोस्काना म्हणून भाग आहे तिकडचा हा पदार्थ, पाप्पा अल पोमोदोरो, शेतकऱ्यांच्या घरचा. उरलेला पाव टाकायचा नाही म्हणून टोमॅटो, लसूण, बेसिल आणि ऑलिव्ह ऑइलमध्ये शिजवायचा. आपल्याकडे उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा होतो ना, तोच हिशोब. ताजा पाव घातला तर त्याची चिकट लापशी होते, कालचा असला की रस पितो आणि तरी तोंडात थोडा जाणवतो. अळणी पावाचंही तेच, तोस्कानात पाव बिनमिठाचाच करतात, बरोबरच्या गोष्टी खारट असतात म्हणून. तुम्ही तो नुसता खाल्लात, ऑलिव्हच्या वाटीला हातच लावला नाहीत, मग अळणी लागणारच.

आता पिझ्झा. आमची भट्टी गॅसची आहे, तळ दगडी, आणि ती साडेचारशे डिग्रीच्या आसपास चालते, घरचा ओव्हन अडीचशेच्या पुढे सहसा जात नाही. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा एवढ्या आचेवर साठ ते नव्वद सेकंदांत होतो. पीठ सैल असतं, दोन दिवस फ्रिजमध्ये आंबवलेलं, आत गेल्या गेल्या काठाला फुगे येतात आणि फुग्याची साल पातळ म्हणून ती आधी काळी पडते. ते डाग असायलाच पाहिजेत. जळलाय का ते बघायचं असेल तर तुकडा उलटा करायचा, खालून सगळा काळा असेल तर जळला, मग परत पाठवायचा, मी स्वतः दुसरा करून देतो. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची १९८४ पासून संघटना आहे, कणकेपासून आचेपर्यंत सगळ्याचे नियम लिहून ठेवलेत, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांची कला वारशाच्या यादीत घेतली. आम्ही काही त्यांचे सभासद वगैरे नाही, पण काठावरच्या डागांच्या बाबतीत मी त्यांचंच ऐकणार.

ओरेगानोची पुडी नाही म्हणून तुमचा पुतण्या नाराज होता. ओरेगानो आमच्या मरिनारा पिझ्झावर असतं, तो मेनूत पहिलाच आहे, फक्त त्याच्यावर चीज नसतं आणि चीज नाही म्हटलं की इंदूरात कोणी मागवत नाही, काय करणार. केचप नाही म्हणाले असं लिहिलंत, नाही म्हणाले नाहीत, आमचा पोरगा म्हणाला आधी एक घास असाच खाऊन बघा, मग आणतो, आणि आणलं पण. नंतर तुमच्यातल्या एकांनी खिशातून जीरावणची, म्हणजे आपल्या पोह्यांवरच्या मसाल्याची, पुडी काढून पिझ्झ्यावर भुरभुरवली तेव्हा मला वाटलं चला, आता घरचे झाले. मी पण चाखून बघितला, वाईट नव्हता.

पास्त्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण हा माझा आवडता विषय आहे. सुका पास्ता ज्या गव्हाचा होतो तो ड्युरम गहू, म्हणजेच आपल्याकडचा मालवी गहू. बाफले, म्हणजे आपले उकडून भाजलेले कणकेचे गोळे, ज्याचे करतो ना तोच, कडक दाण्याचा, पिवळसर. आपल्या इंदूरच्याच गहू संशोधन केंद्राने ड्युरमच्या कितीतरी जाती काढल्यात, पूसा तेजस त्यातलीच. आम्ही याच गव्हाचा बारीक रवा नुसत्या पाण्यात मळतो, अंडं नाही, तिकडे दक्षिण इटलीत पुलियाकडे पण असाच करतात, बोटाने दाबून कानाच्या पाळीसारखा वळायचा, ओरेकिएत्ते म्हणतात त्याला. हा पास्ता मैद्यासारखा लिबलिबीत होत नाही, दाताला लागतो, लागायलाच हवा. ज्याला आवडत नाही त्याच्यासाठी दोन मिनिटं जास्त उकळतो आम्ही, रोज उकळतो, त्यात काही कमीपणा नाही. पण भिया, टेबलावर विचारलं तेव्हा तुम्ही मान डोलावून “मस्त” म्हणालात आणि घरी जाऊन रात्री पावणेबाराला “कच्चा” लिहिलंत. मला मनातलं कसं कळणार?

चीज नकली नाही, पार्मेझान, म्हणजे इटलीचं ते प्रसिद्ध कडक चीज, नाही एवढंच. खरं पार्मेझान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या पोटातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसाशिवाय, होतच नाही, तिकडचा नियमच तसा आहे, आणि आमचं किचन शुद्ध शाकाहारी. ते किसून वर हिरवा ठिपका लावला असता तर तुम्हाला कळलंही नसतं, बाहेर अशा कितीतरी मेनूंवर बिनधास्त लिहिलेलं असतं. आम्ही शाकाहारी रेनेटचं भारतात बनलेलं कडक चीज वापरतो, चव थोडी सौम्य आहे हे मान्य, पण तुमच्या आजी एकादशी पाळणाऱ्या बाई, त्यांच्या ताटात ते दुसरं घालायची माझी हिंमत नाही.

बिल परत एकदा बघा. अडीच आणि अडीच टक्के लिहिलंय तो जीएसटी आहे, सरकारकडे जातो. सर्व्हिस चार्ज आम्ही लावतच नाही.

आणि गोदामाबद्दल, “प्लास्टरला पैसे नव्हते का” असं विचारलंत, तर पैसे प्लास्टर काढायला लागले, आतल्या जुन्या विटा दिसाव्यात म्हणून. टेबलं पाडलेल्या वाड्यांच्या दारांची आहेत, तुमच्या टेबलाला कडीची भोकं अजून आहेत.

पैसे परत देणार नाही. दोन्ही पिझ्झे संपले होते, कड तेवढी उरली होती, तीही तुम्ही पॅक करून नेलीत.

आजींना कृती हवी होती, ती गर्दीत राहिली, इथेच देतो. चार माणसांना पाऊण किलो लाल पिकलेले टोमॅटो, गरम पाण्यातून काढून सालं काढा आणि चिरा. ऑलिव्ह ऑइलमध्ये चार पाकळ्या चिरलेला लसूण मंद आचेवर, लाल होऊ द्यायचा नाही, मग टोमॅटो आणि मीठ, वीसेक मिनिटं. त्यात कालच्या पावाचे तुकडे, दीडेकशे ग्रॅम, बेकरीचा जाड सालीचा पाव घ्या, पावभाजीचा गोडसर पाव नको. बुडेल एवढं गरम पाणी घालून दहा मिनिटं शिजवा, झाकून अर्धा तास तसंच ठेवा, मग घोटा. वरून बेसिल आणि कच्चं तेल. गरमागरम नाही खायचं, कोमट.

सोमवारी बंद असतो. रविवारी आठनंतर दहा-अकरा जण येणार असाल तर दुपारीच फोन करा, आजींसाठी कोपऱ्यातली पाठ असलेली खुर्ची ठेवतो.