नौतपातली मधुमालती

मे महिन्यात पुण्याहून पाहुणे येतात ते आंबे घेऊन. आमची आत्या मधुमालती घेऊन आली. मुळांना मातीचा कण नाही, वर ओलं फडकं, त्यावर पिशवी. "संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल," आत्या म्हणाली.

"आत्या, वेली पावसाळ्यात लावतात गं."

"मग मी पावसाळ्यात पुन्हा येऊ?"

मी कुदळ काढली.

इंदुरात 25 मेला नौतपा लागतो, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. त्या दिवसांत लोकमान्य नगरातली काळी माती खणायची म्हणजे कुदळ मातीला लागते की माती कुदळीला, हेच कळत नाही. त्यात नळ एक दिवसाआड. तिकडून जलूदच्या पंपांवरून जवळजवळ 70 किलोमीटर चढून आलेली नर्मदा बादलीत धरली आणि तीत वेलीची मुळं बुडवून ठेवली. घरात त्या दिवशी अंघोळी अर्ध्या बादलीत झाल्या.

खरं पाणी पितात ती केसासारखी मुळं, आणि ती राहिली पुण्यात. वर पानं मात्र शाबूत, उन्हात पाणी उडवत बसलेली. मिळकत बंद, खर्च चालू! मी कात्रीने पानं उतरवली, शेंडे छाटले. आत्या चहापर्यंत बोलली नाही. उन्हं उतरल्यावर वेल लावली, पश्चिमेला आजीचं जुनं नऊवारी बांधलं, बुंध्याशी पालापाचोळा पसरला. नवी मुळं फुटेपर्यंत खत नको, हे शेणखताची पाटी घेऊन आलेल्या भाभीजींना काही पटलं नाही.

आत्या गेली आणि सेवा सुरू झाली. बोडकी काडी दिसली की माणसाला पाणी घालावंसं वाटतंच. बाबा तांब्याभर, बायको तांदळाचं धुवण, दूधवाला "प्यासी है बेचारी" म्हणून किटली धुतलेलं. काळी माती वरून तडकलेली दिसते, चार बोटं खाली चिखल असतो आणि त्यात मुळं कुजतात. कोण ऐकतंय! शेवटी सांगितलं, नखाने साल जराशी खरवडा, आत हिरवं दिसलं की वेल जिवंत, पाणी नको.

पाणी थांबलं. नखं सुरू झाली. बाबा पेपरच्या आधी, पोरं शेजारच्या पोरांना घेऊन, आणि आत्या व्हिडिओ कॉलवर: "जरा वर खरवड... अजून वर... हां, हिरवं आहे!" बुंध्यावर आता धड साल म्हणून उरलेली नाही.

खालच्या पेराला राईएवढा तांबूस कोंब आलाय. तो मी कुणालाही दाखवलेला नाही, कारण भाभीजींना नखं वाढवायची आहेत आणि काल त्या स्कूटीची किल्ली घेऊन फाटकाशी उभ्या होत्या.