मुंबई-लंडन ‘सरळ आठ तास’ का होत नाही : कमेंटला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, विमान जातं ताशी ९०० नी, म्हणजे हिशोबाने आठ तास, मग मी पोस्टमध्ये जाताना पावणेदहा तास आणि येताना पावणेनऊ कुठून आणले, ‘परत येताना अंतर आटतं का राव?’ आटत नाही, पण तुमचा भागाकार बरोबर असून उत्तर चुकतंय.

७,२०० हे गोळ्यावर दोरा ताणून धरला तर येणारं अंतर. तो दोरा कराचीजवळून, इराण, कॅस्पियन समुद्र, दक्षिण रशिया आणि युक्रेनवरून जातो. आता युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं, पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना बंदी घातली (२०१९ लाही काही महिने घातली होतीच), मग विमान वळसा घालणारच. त्यातल्या त्यात मुंबईवाल्यांचं बरं, अरबी समुद्रावरून ओमानकडे निघता येतं, खरी पंचाईत दिल्लीवाल्यांची.

पण खरी गंमत वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, थंडीत तर फारच जोरात, आणि तुमचे ते ९०० हवेतले आहेत, जमिनीवरचे नाहीत. सीटसमोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशोबाचा वेग, बघा, जानेवारीत जाताना मी ७८० पाहिलाय आणि येताना हजाराच्या वर, विमान त्याच जातीचं. नदीत होडी वल्हवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

आणि तिकिटावरची वेळ उडाल्यापासून उतरेपर्यंतची नसते, गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, रांग लागते. तिकडे लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरायला नंबर लागेपर्यंत विमानं एकावर एक थरांत घिरट्या घालत ठेवतात. गेल्या खेपेला आई सोबत होती, तिसऱ्या फेरीला म्हणाली, ‘काय रे, लंडन दाखवतायत का?’ हा सगळा वेळ कंपन्या वेळापत्रकात आधीच धरतात, म्हणून तर कधीकधी अर्धा तास ‘लवकर’ पोचतो आणि आपण उगाच खूश होतो.

आता तुमचा संशय एका जागी मात्र शंभर टक्के बरोबर आणि तिथे मी कान पकडतो. भारत आणि लंडनच्या घड्याळातला फरक मी बारा महिने साडेपाच तास लिहिला होता. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात, म्हणजे उन्हाळ्यात फरक साडेचारच. त्यामुळे मे महिन्याच्या जायच्या तिकिटात नुसतं सुटायची आणि पोचायची वेळ वजा करून माझा फरक मिळवला तर प्रवास एक तास जास्तच दिसणार, तुमचा संशय तिथूनच सुरू झाला असावा. ती ओळ आत्ताच दुरुस्त केलीये. उतरल्यावरची टॅक्सी बुक करणाऱ्या कोणी जुनी ओळ वाचून ठेवली असेल तर कृपया परत एकदा बघून घ्या.