धक्का मारायला कोणी नाही

जुनी गाडी बंद पडली की आपल्या मुलखात एक सोय असते. बॉनेट उघडेपर्यंत चार माणसं गोळा होतात. एक म्हणतो प्लग गेला, दुसरा म्हणतो पेट्रोलमध्ये कचरा आलाय, आणि तिसरा काहीच न बोलता बाह्या सरसावून धक्का मारायला लागतो. ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या ओसाड मुलखात, बॉनेट उघडलं की गोळा होतात त्या माश्या. चावत नाहीत, डोळ्यांच्या कडांशी पाणी प्यायला येतात. डोक्यावरून घ्यायची जाळी कूलंटच्याही (इंजिन गार ठेवणारा द्रव) आधी विकत घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. गाडीला शिवी घालायची तर तोंड उघडावं लागतं.

पोर्ट ऑगस्टा ते डार्विन हा स्टुअर्ट हायवे सुमारे 2,700 किलोमीटरचा. त्यात ग्लेनडॅम्बो सोडलं की कूबर पीडीपर्यंत साधारण 250 किलोमीटर पेट्रोल नाही आणि बहुतेक रस्ताभर मोबाइलला रेंज नाही. ग्लेनडॅम्बोच्या प्रसिद्ध पाटीवर वस्ती लिहिली आहे ती अशी: मेंढ्या 22,500, माश्या अंदाजे 20,00,000, माणसं 30. मेकॅनिक नक्की कोणत्या आकड्यात धरलाय, याचा खुलासा पाटी करत नाही.

एकट्याने जायचं आणि पैसे कमी, म्हणजे तीन लाख किलोमीटर पळालेली फोर्डची फाल्कन किंवा होल्डनची कमोडोर. निवड वाईट नाही. या गाड्या त्याच देशात बनायच्या (फोर्डचा कारखाना 2016 मध्ये बंद झाला, होल्डनचा 2017 मध्ये), त्यामुळे आडगावातही वॉटर पंप मिळायची आशा असते. पण त्यांतल्या बऱ्याचशा ऑटोमॅटिक, आणि ऑटोमॅटिक धक्क्यावर सुरू होत नाही. मॅन्युअल मिळाली तर बॅटरी अगदी मेलेली नसताना एकट्यालाही जमतं: दार उघडं ठेवून ढकलायचं, वेग आला की उडी मारून आत, दुसरा गिअर, क्लच सोडायचा. त्यासाठी उतार मात्र हवा. आणि या प्रदेशात क्षितिजापर्यंत सगळं आहे, उतार तेवढा नाही.

खरी परीक्षा तापण्याची. बाहेर 42 अंश, काटा अर्ध्याच्या वर सरकू लागला, की एसी बंद करून हीटर पूर्ण गरम आणि पंखा पूर्ण वेगात. चेष्टा नाही. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटर. इंजिनातली आग तो आपल्या पायांवर ओततो. एवढ्यानेही काटा उतरला नाही तर बाजूला घ्यायची, बंद करायची, आणि रेडिएटरच्या झाकणाला निदान अर्धा तास हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्याने 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. वाफ जिरायच्या आत कुकर उघडू पाहणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे जास्त समजावायला नको. गार पाणीही तापल्या इंजिनात भसकन ओतायचं नाही, हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जातो.

मग पाहायचा रेडिएटरचा रबरी होज पाइप. तो बहुधा क्लॅम्पपाशीच फाटतो. फाटलेली दोन-तीन सेंटिमीटर टोकं कापून उरलेला पाइप परत बसला तर नशीब. नाहीतर पुसून कोरडा करून, स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून गुंडाळायची आणि झाकण पहिल्याच खाचेवर ठेवायचं, म्हणजे दाब धरत नाही. पण दाब नाही म्हणजे पाणी 100 अंशांनाच उकळणार; पुढचा प्रवास सत्तरच्या वेगाने, काट्यावर नजर ठेवून. अखेरीस ऑइल तपासायची डिपस्टिक ओढून बघायची. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलं. त्यावर टेप नसते.

पाणी माणशी रोज 10 लिटर, आणि रेडिएटरचं 10 लिटर वेगळ्या कॅनमध्ये. कूलंट चवीला गोड आणि पोटाला विष, तेव्हा दोघांनी एका कॅनमधून प्यायची जवळीक नको. गाडी सोडून चालत निघायचं नाही. वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस नाही.

डांबर सोडून ऊडनाडाटा ट्रॅकवर वळलात तर रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा. टायरची हवा थोडी कमी करायची, स्टेपन्या दोन, रोज संध्याकाळी बॅटरीचा क्लॅम्प आणि चाकांचे नट घट्ट करायचे. जॅकखाली टाकायला जाड प्लायवुडची फळी हवीच. नाहीतर फुफाट्यात गाडी वर येत नाही, जॅक खाली जातो. टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या, कारण ‘जरा इकडे धर’ म्हणायला शेजारी कांगारू. तोही अंधार पडताना नेमका चाकासमोर येतो, तेव्हा सूर्यास्ताआधी मुक्काम. 53.5 मीटरच्या रोड ट्रेनला, म्हणजे मागे ट्रेलरची रांग जोडलेल्या ट्रकला, ओलांडायला निदान एक किलोमीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. आपली गाडी तापलेली असेल तर ओलांडूच नका, तिच्यामागे कुठे जायची घाई आहे?

समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करतो. बॉनेट उघडं दिसलं तर तोच थांबून विचारतो, ‘ऑल राइट?’ इथे आपली भीड आडवी येते आणि तोंडातून आपोआप निघतं, ‘येस, येस, ऑल राइट!’ तो मान डोलावतो आणि निघून जातो. लाल धूळ खाली बसायला बराच वेळ लागतो, तोवर पुढच्या गाडीसाठी ‘नो’ म्हणायचा सराव करता येतो.